बशीतल्या दोन स्प्रिंगा

मागच्या आठवड्यात रात्री रिलीज होतं. टीममधला सगळ्यात ज्युनियर पोरगा एक कॉन्फिग फाईल टाकायला विसरला आणि आम्ही सगळे पहाटे तीनपर्यंत जागे. त्या तिरमिरीत मी त्याला सगळ्यांसमोर 'बावळट' म्हणालो. तो काहीच बोलला नाही. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतोय.

मंडळी, या वीकेंडला शिगेओ शिंगो आठवले ते यामुळेच. १९६१ साली हे जपानी इंजिनियर यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात गेले होते. तिथे एक साधा स्विच जोडायचे. दोन बटणं आणि प्रत्येकाखाली एक स्प्रिंग. काम अगदी सोप्पं, पण कधीतरी एखादी स्प्रिंग राहून जायची, आणि ते कळायचं थेट गिऱ्हाइकाकडे! मग कामगारांना तंबी, चार दिवस सगळं ठीक, पुन्हा तेच. (ओळखीचं वाटतंय ना?)

शिंगोंनी काय केलं? एक छोटी बशी ठेवली. आधी डब्यातून दोन स्प्रिंगा काढून बशीत ठेवायच्या, मगच स्विच जोडायला घ्यायचा. जोडून झाल्यावर बशीत एक उरली, म्हणजे ती बसवायची राहिली. बस्स, एवढंच! माणूस विसरणारच हे त्यांनी मान्य केलं आणि विसरलेलं तिथल्या तिथे दिसेल अशी सोय केली.

अशा युक्त्यांना आधी 'बाका-योके' म्हणत. 'बाका' म्हणजे मूर्ख. १९६३ मध्ये अराकावा ऑटो बॉडीच्या कारखान्यात अशी एक सोय बसवली, तेव्हा तिथली एक अर्धवेळ कामगार बाई 'मी एवढी मूर्ख आहे का' म्हणून रडायलाच लागली. तेव्हा शिंगोंनी नावच बदललं, 'पोका-योके'. 'पोका' म्हणजे अनवधानाने झालेली चूक. चूक कुणाच्याही हातून होते, त्याने माणूस मूर्ख ठरत नाही.

आपल्या घरातला तीन पिनांचा प्लग बघा. अर्थिंगची पिन जाड, त्यामुळे तो उलटा बसतच नाही. सिमकार्डाचा एक कोपरा कापलेला असतो तोही त्यासाठीच. तिथे कुणी आपल्याला 'नीट लक्ष दे' असं बजावत नाही.

असो. काल बसून एक स्क्रिप्ट लिहिली. फाईल नसेल तर बिल्ड पुढे सरकतच नाही. वीस मिनिटांचं काम होतं, दोन वर्षं टाळत होतो. म्हणजे त्या रात्रीची चूक खरं तर कुणाची?

उद्या त्याला चहाला नेणार आहे. बोलताना माझाच 'पोका' होऊ नये म्हणजे मिळवली!