ट्रफॅल्गर स्मारक नाणी

ट्रफॅल्गरच्या नाविक लढाईच्या द्विशताब्दीनिमित्त ब्रिटनच्या रॉयल मिंट या टांकसाळीने २००५ मध्ये काढलेली, ५ पौंड दर्शनी मूल्याची दोन संग्राह्य नाणी. स्पेनच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ २१ ऑक्टोबर १८०५ रोजी झालेल्या या लढाईत अ‍ॅडमिरल होरेशिओ नेल्सनच्या २७ मोठ्या युद्धनौकांनी फ्रेंच-स्पॅनिश आरमाराच्या ३३ नौकांचा पराभव केला. ब्रिटिशांची एकही नौका गेली नाही. नेल्सन मात्र मारला गेला.

दोन्ही नाण्यांच्या दर्शनी बाजूस राणी दुसरी एलिझाबेथ हिची प्रतिमा आहे. एका नाण्याच्या मागील बाजूस क्लाइव्ह डंकन यांनी ‘व्हिक्टरी’ आणि ‘टेमेरेअर’ या नौका कोरल्या. दुसऱ्यावर जेम्स बटलर यांनी घडवलेली नेल्सनची प्रतिमा आहे. सर्वसाधारण नाणे तांबे-निकेल मिश्रधातूचे, ३८.६१ मिमी. व्यासाचे व २८.२८ ग्रॅम वजनाचे आहे. चांदी व सोन्यातील ‘प्रूफ’ आवृत्त्याही निघाल्या. प्रूफ नाण्यांसाठी ठसे व चकत्या खास चकचकीत करून एकाहून अधिक वेळा दाब देतात. त्यामुळे पार्श्वभाग आरशासारखा चमकतो आणि चित्र उठून दिसते.

या स्मरणाची परंपरा जुनी आहे. लढाईनंतर उद्योजक मॅथ्यू बोल्टन यांनी स्वखर्चाने पदके पाडून त्यात लढलेल्यांना दिली. सामान्य खलाशांची पदके कथिलप्रधान मिश्रधातूची होती. २००५ ची नाणी कायदेशीर चलन असली, तरी त्यांचे खरे मोल ऐतिहासिक व कलात्मक आहे.