‘सहल’ आणि ‘मधुचंद्र’ : कोथरूड परिसर व समलिंगी जोडप्यांचा प्रवास

मराठीतील प्रवासवाचक शब्दांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. ‘फिरणे’, ‘सहल’, ‘भटकंती’, ‘हवापालट’ हे शब्द प्रवाशासोबत कोण आहे आणि त्या दोघांचे नाते काय, ह्याविषयी मौन बाळगतात. उलट, इंग्रजी शब्दाच्या भाषांतराने मराठीत आलेला ‘मधुचंद्र’ विवाह गृहीत धरतो. आणि ‘जोडीने पूजेस बसणे’, ‘जोडीने देवदर्शनास जाणे’ ह्या प्रयोगांतील जोडी रूढीने पतिपत्नींचीच असते. परस्परांवर प्रेम करणाऱ्या दोन पुरुषांच्या अथवा दोन स्त्रियांच्या प्रवासाचा विचार करू गेल्यास, तो बव्हंशी पहिल्या वर्गातील शब्दांच्या आश्रयानेच घडत आला, असे म्हणावे लागते.

ह्या दृष्टीने कोथरूड हे विचारार्ह स्थळ होय. एके काळी पुण्याबाहेरचे खेडे असलेल्या ह्या उपनगराच्या उत्तरेस वेताळ टेकडी आहे. सुमारे ८०० मीटर उंचीची ही टेकडी शहरातील सर्वांत उंच स्थान मानली जाते. पश्चिमेकडे जाणारा पौड रस्ता चांदणी चौक ओलांडून पौड, मुळशी व ताम्हिणी घाट ह्या मार्गाने कोकणात उतरतो. पहाटे वा सायंकाळी टेकडीवर फिरावयास जाणे हा पुणेकरांचा जुना परिपाठ. वाड्यात वा चाळीत, आणि पुढे सदनिकेतही, एकांत दुर्मीळ. टेकडीवर तो विनामूल्य लाभे, आणि दोन मित्र फिरावयास निघाले ह्यात कोणास वावगे वाटण्याचे कारण नसे.

थंड हवेच्या ठिकाणांची स्थिती थोडी निराळी होती. महाबळेश्वर व माथेरान ही ठिकाणे एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांच्या आरोग्यासाठी वसली. लोहमार्ग १८५८ साली पुण्यास पोहोचला, १८६३ साली भोर घाटाचा मार्ग पूर्ण झाला आणि १९०७ साली नेरळहून माथेरानला गाडी जाऊ लागली. मध्यमवर्गीयांचा ‘हवापालट’ आणि पुढे नवदांपत्यांचा ‘मधुचंद्र’ ह्याच वाटेने गेला. येथे एक विपरीत गोष्ट दिसते. अविवाहित स्त्रीपुरुष खोली मागू लागले की लॉजचा व्यवस्थापक साशंक होई. दोन पुरुषांना मात्र ती सहज मिळे. ज्या नात्याची समाजाने कल्पनाच केली नव्हती, त्याला त्या अकल्पनेचेच संरक्षण लाभले. स्त्रियांना हे संरक्षण तितके सुलभ नव्हते. कारण घरच्या माणसावाचून दोघींनीच परगावी मुक्काम करणे, हेच मुळी प्रश्नास पात्र ठरे. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ ह्या नाटकाने १९८१ साली एका स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम मराठी रंगभूमीवर आणले.

ह्या मौनामागे कायद्याचे भय होते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ३७७ व्या कलमाने अशा संबंधांस गुन्हा ठरविले होते. त्याविषयी बोलणेही निर्धोक नव्हते. कोथरूडलगतच्या हिंगण्यास आपल्या संस्थेने नाव मिळवून देणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांचे पुत्र रघुनाथराव ह्यांनी मुंबईहून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्यात वाचकांच्या कामविषयक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. समलिंगी संबंधांविषयीचा मजकूरही त्या उत्तरांत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली, तथापि निकाल विरुद्ध गेला.

पुण्यात २००२ साली बिंदुमाधव खिरे ह्यांनी ‘समपथिक’ ट्रस्ट स्थापन केला. हे नाव भाषादृष्ट्या लक्षणीय आहे. ‘पथिक’ म्हणजे वाटसरू. ‘सम’ ह्या पूर्वपदातून ‘समलिंगी’ हा शब्दही सूचित होतो. अबोल सहलीला येथे प्रथमच एक बोलके नाव मिळाले. २०११ च्या डिसेंबरात शहरात पहिली अभिमान पदयात्रा निघाली. टेकडीवर न सांगता चालणारी पावले आता हमरस्त्यावर सांगून चालू लागली.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या संबंधांपुरते ३७७ वे कलम अवैध ठरविले. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला नाही. परिणामी आज असे जोडपे महाबळेश्वरास निर्भयपणे जाऊ शकते, परंतु कायद्याने तो प्रवास ‘मधुचंद्र’ ठरत नाही; परगावी जोडीदार आजारी पडल्यास रुग्णालयात ‘आपण कोण’ ह्या प्रश्नाचे दुसऱ्याजवळ विधिसंमत उत्तर नसते.

म्हणून ‘मित्रासोबत सहलीला गेलो होतो’ ह्या वाक्याचा इतिहास हा केवळ लपवणुकीचा इतिहास समजणे युक्त नव्हे. त्या वाक्याने अनेकांना आकाश, वारा व सहवास दिला; आणि त्याचे मूल्य म्हणून नात्याचे नाव घेतले. टेकडीने नाव कधीच विचारले नव्हते. घर, नोंदवही व न्यायालय ह्यांनी ते विचारल्यावर निःसंकोच देता यावे, एवढाच प्रश्न आता उरला आहे.