कॉफीच्या डब्यातला पाव

जानेवारी १९६७, सॅन फ्रान्सिस्को. दुपारचे चार वाजत आलेत. पॅनहँडल नावाच्या चिंचोळ्या बागेत, निलगिरीच्या झाडांखाली तुम्ही उभे आहात. हातात रिकामा वाडगा. तो आपला आपण आणायचा, एवढीच इथली अट.

समोर नारिंगी-पिवळ्या रंगाची भलीमोठी लाकडी चौकट उभी आहे. तिला दारही नाही, भिंतही नाही. तिच्यातून पलीकडे जा. दुधाच्या मोठ्या कॅनमधून वाफाळता रस्सा वाढला जातोय. सवयीने तुम्ही खिसा चाचपता. वाढणारी मुलगी मानेनेच नको म्हणते आणि वाडगा काठोकाठ भरते. पैसे नाहीत, नावनोंदणी नाही, प्रवचनही नाही.

हा डिगर्स नावाचा तरुणांचा गट. १६४९ साली इंग्लंडमध्ये सामाईक जमिनीवर पेरणी करणाऱ्या गोरगरिबांचं नाव त्यांनी घेतलंय. बाजारात जाऊन भाज्या मागून आणणं, निवडणं, शिजवणं हे बहुतेक मुलीच करतात. फुकटच्या जेवणामागे कुणाची तरी पहाट खर्ची पडलेली असते. शेजारी लांब केसांचा एक पोरगा मन लावून जेवतोय. त्याला व्हिएतनामच्या युद्धात जाऊन कुणाला मारायचं नाही.

आता सहा महिने पुढे या. उन्हाळ्यात हाइट-अ‍ॅशबरी या बागेलगतच्या वस्तीच्या थोड्याशा गल्ल्यांत लाखाच्या घरात तरुण येऊन गेले. कुणी फुटपाथवर झोपलंय, कुणी तापाने फणफणलंय, कुणी नशेत हरवलंय. क्लेटन स्ट्रीटवर डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी जूनमध्ये मोफत दवाखाना उघडलाय. त्याच्या जिन्यावर रांग आहे.

तुम्ही वॉलर स्ट्रीटवरच्या ऑल सेंट्स चर्चच्या स्वयंपाकघरात शिरा. डिगर्स इथे पाव भाजतात. बाह्या सरसावा. गव्हाचं पीठ तिंबा, कॉफीच्या रिकाम्या डब्याला आतून तेलाचा हात फिरवा, गोळा आत सोडा आणि थांबा. पीठ फुगत काठावर येतं, मग काठाबाहेर छत्रीसारखं पसरतं. भाजून झाल्यावर डबा उपडा करून ठोकला की गोल, तपकिरी पाव बाहेर येतो. तो कुणीही घेऊन जावा.

पुढे छायाचित्रांत केस, माळा आणि नशाच उरेल. मला तुम्हाला हे पीठ मळणारे हात दाखवायचे होते. माणसाने माणसाला हिशेब न ठेवता खाऊ घालावं, ही या पोरांची सर्वांत मोठी गोष्ट होती, आणि ती त्यांनी करून दाखवली.

६ ऑक्टोबर १९६७. हाइट स्ट्रीटवरून शवपेटी निघालीय. वर्तमानपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने रंगवलेल्या ‘हिप्पी’ची ही प्रेतयात्रा इथल्याच लोकांनी काढलीय. त्यांचा निरोप साधा आहे: इथे येऊ नका, आपापल्या गावी हेच उभं करा.

तुम्ही परत निघता. नखांत अजून पीठ अडकलेलं आहे.