मातीतल्या मारेकऱ्याचा माग

बटाटा कितीही धुतला तरी सालीवरचे काळे ठिपके कधीकधी जात नाहीत. ती माती नसते. ऱ्हायझोक्टोनिया सोलानी नावाच्या बुरशीच्या त्या कठीण गाठी असतात. १८५८मध्ये जर्मनीच्या यूलिउस क्यून यांनी बटाट्यावरच तिचं वर्णन केलं. ऱ्हायझोक्टोनिया म्हणजे ग्रीकमध्ये मुळांची मारेकरी. भातावरचा पर्णकोष करपा हिचाच. कोवळी रोपं जमिनीलगत कोलमडतात, त्यामागेही अनेकदा हीच असते. पीक नसतानाही या गाठी मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. म्हणून शेतकऱ्याला उत्तर हवं असतं ते पेरणीआधी: माझ्या शेतात ही आहे का?

या प्रश्नाचा इतिहास मला गुन्ह्याच्या तपासासारखा वाटतो. जुनी रीत म्हणजे काचेच्या बशीतल्या खाद्यावर माती टाकायची आणि काय उगवतं ते बघायचं. पण मातीत हिच्याहून चपळ बुरश्या असतात, त्या आधी ताट फस्त करतात. १९७१मध्ये को आणि होरा यांनी इतरांना रोखणारं खास खाद्य तयार केलं. तरी ती वाढेपर्यंत थांबणं आणि तिला ओळखणारी तरबेज नजर, दोन्ही लागायचंच.

त्याच वर्षी स्टॉकहोममध्ये एव्हा एंगवाल आणि पेटर पर्लमन यांनी एलायझा चाचणी मांडली. प्रतिपिंड आपलं सावज पकडतं आणि त्याला जोडलेलं विकर रंग उमटवतं. १९७५मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टीन यांनी एकाच साच्यातली प्रतिपिंडं हवी तितकी बनवण्याची युक्ती काढली. बुरशींच्या भाऊगर्दीत नेमकी एक हेरायला असंच प्रतिपिंड हवं होतं.

पण प्रतिपिंड ओळखतं ते रेणूचा आकार. मेलेल्या बुरशीचे अवशेषही त्याला तितकेच ओळखीचे वाटू शकतात. शेतकऱ्याला भीती असते ती जिवंत बुरशीची. १९९३मध्ये थॉर्न्टन, ड्यूई आणि गिलिगन या ब्रिटिश संशोधकांनी यातून वाट काढली. वाढत्या तंतूंतून बाहेर पडणारा पदार्थ पकडणारं प्रतिपिंड त्यांनी निवडलं. तो पदार्थ सापडला, म्हणजे बुरशी जिवंत आहे.

२००४मध्ये थॉर्न्टन आणि सहकाऱ्यांनी याच बुरशीसाठी पट्टी बनवली. कोविडच्या घरगुती किटमध्ये तुम्ही रेघांची वाट पाहिली असेल, तसलीच. पुढे हीच रीत त्यांनी माणसाच्या फुफ्फुसातल्या ॲस्परजिलस बुरशीसाठीही वापरली.

पट्टी मात्र बोलते ती चिमूटभर मातीबद्दल. बुरशी शेतभर सारखी पसरलेली नसते. चिमूट कुठून कुठून उचलायची, हे अजूनही शेताची नस माहीत असलेल्यालाच ठरवावं लागतं.