कंपू फौजेला दोष कशाला?
मराठे गनिमी कावा सोडून कवायतीच्या नादी लागले म्हणून बुडाले, असं सर्रास लिहिलं जातं. मला पटत नाही. १६५७ ला आपलं कल्याण-भिवंडी स्वराज्यात आलं, तेव्हाचा मावळा ढाल-तलवारीने डोंगरात लढायचा. पण उत्तरेच्या सपाट मैदानात डोंगर कुठून आणणार? म्हणून पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या बंदूकधारी पलटणी, आणि पुढे महादजी शिंद्यांनी डी बॉयनकडून उभे करून घेतलेले कंपू. (आपण ‘त्यांचा कंपू’ म्हणतो ना, तोच शब्द!) रांगेत उभं राहून एकदम बार काढायचा, बंदुकीला संगीन, जोडीला तोफा. २३ सप्टेंबर १८०३ ला असईत शिंद्यांची फौज हरली खरी, पण याच पायदळ-तोफखान्याने वेलस्लीची दीड हजारांवर माणसं ठार-जखमी केली. आणि लढाईच्या तोंडावर कंपूतले इंग्रज अधिकारी कंपनी सरकारला जाऊन मिळाले होते, हे कुणी सांगतच नाही.