पाठीचे दफ्तर

नाशिकहून निफाडमार्गे येवल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर विंचूर लागते. आजच्या प्रवाशास ते लासलगाव बाजार समितीच्या उपबाजारात कांदा घेऊन उभ्या असलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगांमुळे, फार तर २००१ च्या धोरणानंतर औद्योगिक विकास महामंडळाने येथे वसविलेल्या वाइन पार्कमुळे ठाऊक असते. इतिहासाच्या वाचकास मात्र विंचूर म्हटले की विठ्ठल शिवदेव आठवतात. दाणी उपनावाचा हा पुरुष पेशव्यांच्या चाकरीत चढत चढत सरदार झाला, ग्वाल्हेरचा दुर्ग त्याने घेतला, १७६१ साली पानिपतच्या रणातून जे थोडे सरदार जिवंत परतले त्यांत तो होता, आणि विंचूर हे त्याच्या सरंजामाचे ठिकाण ठरल्यामुळे त्याचे वंशज पुढे विंचूरकर या नावानेच ओळखले गेले. हे सर्व तलवारीचे झाले. परंतु सरंजाम म्हणजे नुसते पारितोषिक नव्हे. इतके स्वार बाळगावेत, त्यांच्या खर्चास अमुक गावांचा वसूल लावून घ्यावा आणि त्याचा हिशेब हुजुरास समजवावा, असा तो व्यवहार असे. आणि म्हणून ज्या सरदाराच्या पागेत घोडे, त्याच्या वाड्यात फडणिशीची बैठक ही असावयाचीच. त्या बैठकीवर जो कारकून पाठ वाकवून बसला, त्याच्याविषयी मला येथे लिहावयाचे आहे.

या विषयाकडे मी विद्वत्तेने वळलो असे म्हणवत नाही. कमरेने मला वळविले. घरात वडिलांच्या वेळचा व्हॉल्व्हचा एक रेडिओ आहे. दिवसभर मेजाशी बसून लेखनाचा उद्योग करणाऱ्या माणसाने रात्री पुन्हा दुसऱ्या मेजाशी बसून तो रेडिओ उघडावा, मान खाली घालून तीन तास वाळलेले कंडेन्सर काढावेत आणि नवे लावावेत, हा अविचार होता, हे उठावयास गेलो आणि उठवेना तेव्हा कळले. उसण भरली होती. पुढचे आठ दिवस अंथरुणावर गेले, आणि त्या सक्तीच्या सवडीत पेशवाईच्या कारभारावरील ग्रंथ चाळताना पहिल्यांदाच असा प्रश्न पडला की, ज्या राज्याने इतके लिहिले, ते लिहिणाऱ्यांच्या कमरांचे काय झाले असेल?

लेखन थोडेथोडके नव्हते. पुण्याच्या हुजूर दफ्तरात भरभराटीच्या काळी दोनशेंहून अधिक कारकून होते. चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर हे त्याचे दोन मोठे विभाग, आणि चालत्यात पुन्हा फड, बेहेडा, सरंजाम अशी पोटखाती. विंचूरकरांसारख्या सरदाराचा हिशेब सरंजामाच्या खात्यात जाऊन पडे, आणि तो तेथे जाण्याआधी त्याच्या स्वतःच्या वाड्यात रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद अशा पायऱ्यांनी सिद्ध होई. कारकून बसे तो जमिनीवर, गादीवर वा जाजमावर. पाठीमागे लोड असे. पण लोड टेकण्याकरिता असतो, आणि लिहिणारा पुढे वाकतो, म्हणून त्या लोडाचा उपयोग लिहिणाऱ्यापेक्षा लिहविणाऱ्यासच अधिक. एक पाय मांडी घालून, दुसरा गुडघा उभा करून, त्या गुडघ्यावर कागद धरून लिहावयाचे. क्वचित समोर उतरते मेज असे. लिपी मोडी. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढावयाची आणि मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरांची साखळी गुंफीत जावयाचे, ही तिची रीत. हात थांबत नाही, म्हणजे डोळा हलत नाही, आणि डोळा हलत नाही म्हणजे मान व पाठ जागच्या जागी खिळून राहतात.

हिशेबनिसांचे हे राज्य इतके चोख की दिव्याचे तेल, कागद, शाई यांचाही खर्च खाती पडे. पाठीचे खाते मात्र कोणी उघडले नाही. तिचा इतिहास सापडतो तो भाषेत आणि रूढीत. उसण भरते, चमक निघते, लचक भरते, कंबर धरते. हे चारही प्रयोग निरनिराळ्या वेदनांचे आहेत, आणि ज्याला चारही भोगाव्या लागल्या त्यालाच त्यांतील सूक्ष्म भेद कळतो. वैद्यांजवळ याहून भारदस्त शब्द होते. कमरेपासून निघून मांडीच्या मागून पोटरीत उतरणाऱ्या कळेस चरकसंहितेने वातव्याधींत ‘गृध्रसी’ म्हणून गणले आहे, आणि गृध्र म्हणजे गिधाड, त्याच्यासारखी चाल होते म्हणून हे नाव, असा तिचा अर्थ लावतात. चार दिवस मी तसाच चाललो असल्याने नाव देणाऱ्याच्या निरीक्षणाविषयी मला शंका नाही. घरगुती उपायांत निर्गुंडीच्या पाल्याचा शेक, तेल लावून तापविलेले रुईचे पान, फडक्यात बांधलेले गरम मीठ. आणि या सर्वांवर ताण म्हणजे पायाळू माणूस. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याने उसण भरलेल्या पाठीला पाय लावला की उसण जाते, ही समजूत महाराष्ट्रात गावोगाव आहे. मलाही एका पायाळू शेजाऱ्याने पाय लावला. उसण त्यानंतर तीन दिवसांनी गेली. श्रेय कोणाचे, हा वाद मी घातला नाही.

राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले ते वर्ष १७०० चे. त्याच वर्षी इटलीत मोदेना शहरी बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने व्यवसायपरत्वे होणाऱ्या रोगांवर एक ग्रंथ छापला, आणि पुढे त्याची वाढ करताना लेखनिकांवरही लिहिले. लेखनिकांच्या दुखण्याची त्याने तीन कारणे सांगितली: एकसारखे बसणे, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल, आणि चुकू नये म्हणून मनावर राहणारा ताण. मोदेनाच्या कचेरीतील बाकावर बसलेला लेखक आणि फडावर मांडी घालून बसलेला आपला कारकून यांना एकमेकांचे अस्तित्वही ठाऊक नव्हते, तरी हे निदान दोघांस सारखेच लागू पडते. त्यातही तिसरे कारण मला सर्वांत मार्मिक वाटते, कारण बेरीज चुकली तर जाब द्यावा लागतो, हे ज्याच्या मनात आहे त्याचे खांदे कधीच सैल नसतात.

आता येथे एक लाडका भ्रम दूर केला पाहिजे. आपले पूर्वज जमिनीवर बसत म्हणून त्यांना पाठदुखी नव्हती आणि साहेबाची खुर्ची आली तिच्याबरोबर हे दुखणे आले, असे पुष्कळ लोक अभिमानाने सांगतात. खुर्ची हा शब्दच मुळी अरबी-फारसीतून, साहेबाच्या कितीतरी आधी आपल्याकडे आला, ही गोष्ट बाजूस ठेवू. पण गृध्रसीला नाव देणाऱ्यांच्या काळी कचेऱ्यांतून खुर्च्या मांडलेल्या नव्हत्या, एवढे तरी ध्यानात घ्यावे. स्वीडनमधील आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधील चकतीत सुई घालून तिच्यावरील दाब मोजला, तेव्हा उभे राहण्यापेक्षा पुढे वाकून बसण्यात तो दाब अधिक भरला. पुढच्या मोजण्यांनी त्या अंतराविषयी मतभेद दाखविले. तरी जाजम की खुर्ची या वादापेक्षा किती वेळ वाकून राहिलो हा प्रश्न मोठा, याविषयी माझी खात्री झाली आहे.

आणि याच ठिकाणी जुन्या कारकुनाची बाजू थोडी वरचढ होती, ती त्याच्या आसनामुळे नव्हे, तर त्याच्या साधनांच्या दिरंगाईमुळे. बोरूचे टोक झिजे, मग चाकू घेऊन ते तासावे लागे. शाई दाट होई, ती सारखी करावी लागे. ओल्या अक्षरांवर वाळू टाकून ती झटकावी लागे. जुन्नरचा वा दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा घोटीव कागद संपला की दुसरा आणावयास उठावे लागे, आणि मागचा संदर्भ हवा झाला की कोठीतून रुमाल काढून, त्याच्या गाठी सोडून, हवा तो बंद शोधून, पुन्हा गाठी मारून तो जागेवर ठेवावा लागे. कामाचा खोळंबा म्हणून ज्याची वरिष्ठांस चीड येई, तीच पाठीची सुट्टी होती.

१८१८ नंतर विंचूरकरांचा मान दख्खनच्या पहिल्या प्रतीच्या सरदारांत राहिला; परंतु मान राहिला तसा कागदही मागे लागला. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला चौकशीचा अधिकार मिळाला आणि दख्खनभर इनामदारांना आपापल्या सनदा, कैफियती, वहिवाटीचे पुरावे शोधून, नकलून दाखल करणे भाग पडले. या चौकशीने किती घराणी खचली हे इतिहासकार सांगतात. किती नक्कलनवीस खचले, ते सांगत नाहीत. याच कुळाच्या पुण्यातील वाड्यात पुढे लोकमान्य टिळक राहत असत. १८९२ साली विवेकानंद त्यांच्याकडे उतरले ते तेथेच, आणि १८९४ चा सार्वजनिक गणपतीही तेथलाच. केसरीचे अग्रलेख टिळक बहुधा सांगत आणि लेखनिक लिहून घेत. त्या जळजळीत वाक्यांचे जनक सर्वांस ठाऊक आहेत. ती ज्याने वाकून उतरून घेतली त्याच्या पाठीची आठवण मला आता येते, पूर्वी येत नसे. त्याच पुण्यात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल उलगडून रियासतकार सरदेसायांनी १९३० पासून चार-पाच वर्षांत निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड सिद्ध केले, तेव्हा ते पासष्टी गाठलेले गृहस्थ होते.

दफ्तर या शब्दाची कहाणी येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. ग्रीकांच्या भाषेत ‘दिफ्थेरा’ म्हणजे कातडे. लिहिण्याच्या कातड्यावरून तो शब्द फारसीत वहीसाठी आला, वहीवरून कचेरीवर गेला, आणि मराठीत शेवटी ‘दप्तर’ होऊन शाळकरी पोरांच्या पाठीवर जाऊन बसला. कारकुनाच्या मांडीवरचे ओझे असे पिढ्यांनी पाठीवर चढले.

कचेऱ्यांत टेबल-खुर्ची रुळली, मोडी विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून गेली, १९५५ साली गोदरेजने मुंबईत पहिले देशी टंकयंत्र काढले. त्याआधी सात वर्षे झालेल्या कारखान्यांच्या कायद्याने, कलम ४४ अन्वये, उभ्याने काम करणाऱ्या कामगारास बसण्याची सोय देणे मालकावर बंधनकारक केले. बसलेल्यास उठविण्याची तरतूद त्यात मला आढळली नाही; कायदा करणारेही बसूनच कायदा करीत होते.

तलवारबहाद्दरांचे सरंजाम संपत असताना, त्याच सुमारास, गावोगावच्या बाजारपेठेत वाकलेल्या पाठीचा एक नवा कारागीर प्रकट झाला: रेडिओ दुरुस्त करणारा. मुंबईच्या हौशी मंडळींनी १९२३ साली प्रक्षेपणाचा प्रयोग केला होता, १९३३ च्या कायद्याने संच बाळगण्यास परवाना लागू लागला आणि टपाल कचेरीत तो फी भरून घ्यावा लागे. पण रेडिओ घरोघर हवासा झाला तो स्वातंत्र्यानंतर. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले आणि छप्पन्न गीतांपर्यंत चालले. त्या वर्षात ज्याचा संच मुका झाला त्याची तळमळ ज्याने पाहिली, त्यास या कारागिराची योग्यता सांगावयास नको. वीज नसलेल्या गावात कोरड्या बॅटरीच्या जाड ठोकळ्यावर चालणारे संच, वीज असलेल्या गावात मर्फी, फिलिप्स, बुश. आणि हे सर्व उलटे करून, आतील धूळ फुंकून, राळेच्या धुरात डोळे मिचकावीत, कथील-शिशाच्या तारेने डाख लावणारा माणूस.

त्याचे आसन कारकुनाच्या आसनाचे सख्खे भावंड होते. स्टूल उंच असे तर टेबल ठेंगणे, टेबल नीट असे तर दिवा चुकीचा. व्हॉल्व्हच्या संचात अडीचशे व्होल्टचा दाब खेळत असल्याने, चालू संच तपासताना डावा हात खिशात ठेवावा असा या धंद्याचा दंडक होता, म्हणजे धक्का बसलाच तर वीज छातीतून आरपार जाऊ नये. परिणामी सारे अंग उजवीकडे कलंडलेले. सुटलेली डायलची दोरी पुन्हा चाकांवरून ओवणे हे तर बोरूने लिहिण्याहून बारीक काम. तथापि यंत्राची दिरंगाई त्यालाही लाभली होती. बटण दाबल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट थांबावे लागे. एरियल पाहावयास पत्र्यावर चढावे लागे. एखादा दोष संच तापल्यावाचून प्रकटच होत नसे, तोवर चहा येई, गिऱ्हाईक जगाच्या गोष्टी सांगे.

ट्रान्झिस्टर १९४७ साली अमेरिकेत निघाला आणि १९५४ पासून खिशातील रेडिओत शिरला, तेव्हा पहिल्यांदा गेले ते हे तापणे. पुढचे सर्व वेगाने झाले. १९७२ साली मुंबईस दूरदर्शन, मग रंगीत संच, मग संगणक, आणि आता रस्त्याकडेच्या टपरीत सूक्ष्मदर्शकाखाली मोबाइलच्या पाटीवर, मोहरीपेक्षाही लहान तुकडे चिमट्याने बसविणारी विशीतील मुले. त्यांचे काम थांबत नाही, कारण त्यांचे यंत्र कशाचीच वाट पाहावयास लावत नाही. आणि समोरच्या बँकेत वा माझ्या मेजावर संगणकही लावत नाही. रुमाल सोडण्यास उठावे लागत नाही, बोरू झिजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबी २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती. सगळ्यांचेच दुखणे मेजाशी जडलेले नसणार. शेतात वाकणाऱ्यांची, ओझी वाहणाऱ्यांची कंबरही त्यात आली, आणि कांद्याची गोणी उचलणाऱ्या हमालापुढे आम्हा बैठ्या लोकांनी आपले गाऱ्हाणे मांडण्यास थोडी लाजही वाटली पाहिजे.

माझा रेडिओ मागील महिन्यात पुरा झाला. उरलेले काम मी वीस-वीस मिनिटांच्या हप्त्यांनी केले. शेवटचा सांधा डाखून, मागचे झाकण न लावताच बटण फिरविले, आणि व्हॉल्व्ह तापेपर्यंत करण्यासारखे काही नसल्यामुळे उठून खिडकीशी गेलो. रस्त्याने लासलगावकडे ट्रॅक्टर चालले होते. त्यांतला तिसरा वळणाआड जातो न जातो तोच मागे प्रथम घरघर झाली, मग कोणीतरी बाजारभाव वाचू लागले.