बालाघाटचा काळा खडक आणि किरणांचे दप्तर

उत्तरेस गोदावरी आणि दक्षिणेस मांजरा यांच्या दरम्यान, बालाघाटची डोंगररांग अंगावर वागवीत पसरलेला बीड जिल्हा ज्या काळ्या खडकावर वसला आहे, तो खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाचा असून, ज्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम या द्रव्यांमुळे भूमीतून अहोरात्र अदृश्य किरण निघत असतात, त्यांचा अंश त्यात ग्रॅनाइटच्या मानाने फारच अल्प आहे. निजामी अमदानीत बीडचा जो पक्षकार मुकदम्याच्या निमित्ताने हैदराबादेस जाऊन राहत असे, तो नकळत काळ्या खडकाची भूमी सोडून ग्रॅनाइटच्या भूमीवर जाई आणि तेथे असेपर्यंत घरच्यापेक्षा काहीसे अधिक किरण अंगावर घेई. अर्थात ही बाब खर्चाच्या फर्दीत कोणत्याही वकिलाने लावली नाही.

त्या अमदानीत अव्वल तालुकदाराच्या कचेरीत जमाबंदीचे कागद मोठ्या निगुतीने राखले जात. पटकी अथवा प्लेग आला म्हणजे रोगाचीही दखल घेतली जाई, कारण तो गावे ओस पाडी आणि वसुली बुडवी. परंतु जो विकार वीस-पंचवीस वर्षे शरीरात दबा धरून राहतो आणि मग एखाद्यालाच गाठतो, त्याच्यासाठी दप्तरात रकानाच नव्हता. अल्पमात्र किरणोत्सर्गाने, म्हणजे आजच्या परिभाषेत शंभर मिलिसीव्हर्टच्या आतील मात्रेने, मनुष्यदेहाचे काय होते या प्रश्नाचा इतिहास पाहू जाता मला असे दिसते की, तो जितका उपकरणांचा तितकाच दप्तरांचाही इतिहास आहे. कारण इतक्या लहान मात्रेचा परिणाम एका माणसात ओळखता येत नाही, हजारो माणसांची वर्षानुवर्षे मोजदाद करावी तेव्हाच तो दिसला तर दिसतो.

महाराष्ट्रात या चौकशीचा पाया घातला गेला तो मुंबईत, आणि त्याच्या मुळाशी एक मृत्यू आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी त्यांच्या स्मरणार्थ त्या रोगाच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी स्थापिला आणि १९४१ च्या फेब्रुवारीत परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील विकृतिशास्त्राचे धुरीण डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १८९५ चा, म्हणजे ज्या वर्षी रंटगेनला क्ष-किरणांचा शोध लागला त्याच वर्षाचा. हा योगायोग खरा. त्याहून अधिक अर्थ त्यात शोधू नये. मात्र अणुस्फोटांच्या चाचण्यांनी जग धास्तावले असता संयुक्त राष्ट्रांनी १९५५ च्या डिसेंबरात किरणोत्सर्गाच्या परिणामांचा विचार करण्यासाठी जी शास्त्रीय समिती नेमली, तिच्यावर भारताचे प्रतिनिधी म्हणून खानोलकर बसले, हा योगायोग नव्हे. हिरोशिमा आणि नागासाकी येथे वाचलेल्या लोकांत काही वर्षांतच रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले होते, आणि किरणांचा घाव अस्थिमज्जेवर विशेष बसतो हे तोपर्यंत वैद्यकाला मान्य झाले होते.

मज्जेतच का, याचा उलगडा १९६१ मध्ये टोरांटोस झाला. टिल आणि मॅक्‌कुलक या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांना किरणांची प्राणघातक मात्रा देऊन मग त्यांच्या नसांत निरोगी मज्जा सोडली, तेव्हा त्या उंदरांच्या प्लीहेवर लहान लहान गाठी उगवल्या; आणि प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली असून तीतून रक्तातील नाना प्रकारच्या पेशी निपजतात, असे पुढे सिद्ध झाले. अशा रीतीने मूलपेशी प्रयोगाने सिद्ध झाली तीच मुळी किरणांच्या अभ्यासातून. शेतकरी कणगीत राखून ठेवतो त्या बियाण्यासारखी ही पेशी होय: ती सहसा निद्रिस्त असते, प्रसंगी जागी होऊन पीक देते, आणि तिच्यात शिरलेला दोष पुढच्या प्रत्येक पिकात उतरतो. क्षणभंगुर पेशीला किरणाने जखम केली तर ती पेशी मरून प्रश्न मिटतो. परंतु मूलपेशी दीर्घायुषी, आणि निद्रिस्त असताना आपल्या तुटलेल्या गुणसूत्राची जी डागडुजी ती करते ती प्राण वाचवणारी असली तरी बिनचूक नसते, असे उंदरांवरील अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे. उलट पक्षी, मात्रा अल्प आणि संथ असेल तर जखमी मूलपेशीला तिच्या निरोगी शेजारणी मागे सारून तिची जागा बळकावतात, असाही एक तर्क असून, आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २०१५ साली मूलपेशींवर प्रसिद्ध केलेल्या स्वतंत्र ग्रंथात त्याचा विस्ताराने ऊहापोह केला आहे. वाद अद्याप मिटलेला नाही.

तो मिटवण्यासाठी तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रातील जीवशास्त्रज्ञ गेले ते बीडच्या अगदी विरुद्ध गुणाच्या भूमीवर, केरळातील कोल्लमच्या किनाऱ्यावर, जेथील वाळूत थोरियमयुक्त मोनाझाइट खच्चून भरले आहे आणि जेथे काही जागी माणसाला वर्षाकाठी जगाच्या सरासरीच्या कित्येक पट किरण सोसावे लागतात. तेथे नवजात अर्भकांच्या नाळेतील रक्त, जे मूलपेशींनी समृद्ध असते, तपासण्याचा उद्योग त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ चालवला. २७,००० हून अधिक अर्भकांची गुणसूत्रे पाहिली, आणि वाळूच्या पट्ट्यातील व पट्ट्याबाहेरील बालकांत लक्षणीय अंतर त्यांना आढळले नाही. त्याच प्रदेशातील सुमारे ७०,००० रहिवाशांची सरासरी साडेदहा वर्षे नोंद ठेवून २००९ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यातही कर्करोगाची वाढ दिसली नाही. पण रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण त्यात अवघे तीस होते, आणि तीस रुग्णांवर निर्णायक निवाडा देण्याचे धाडस कोणी करू नये.

आता काळ्या खडकाकडे वळू. बालाघाटच्या दक्षिणेस बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण भारतातील पहिली कर्करोग नोंदवही सुरू झाली, आणि तिच्यात बार्शीबरोबर भूम व परांडा हे पूर्वी निजामाच्या मुलखात असलेले तालुकेही घेतले गेले. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. नेने यांच्या पुढाकाराने चाललेल्या या कामात रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव हिंडत, बैठका घेत, लक्षणे समजावून सांगत, आणि संशयित रुग्णाला स्वतः तपासणीस नेत. ज्या रकान्याचा निजामी दप्तरात अभाव होता, तो अशा पायपिटीने भरला. त्या नोंदीत कर्करोगाचे प्रमाण देशातील अन्य नोंदवह्यांच्या मानाने फार कमी निघाले. खडकात किरण थोडे, म्हणून माणसांत रोग थोडा, असे सूत्र मांडण्याचा मोह येथे होतो. तो आवरलाच पाहिजे, कारण मग कोल्लमच्या किनाऱ्यावर रोगाचा कहर दिसावयास हवा होता, आणि तो दिसत नाही. विडी-तंबाखू, वयोमान, आहार, विवाहाचे वय अशी कितीतरी कारणे खडकापेक्षा वजनदार आहेत.

बीड जिल्ह्याला किरणांचा लक्षणीय वाटा मिळू लागला तो भूमीतून नव्हे, यंत्रातून. मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, ही एके काळी हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. जेथे स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते त्याच गावी सत्तरच्या दशकात त्यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि एरवी ज्यांना क्ष-किरणांसाठी औरंगाबाद किंवा सोलापूर गाठावे लागे, त्यांची ती यातायात पुष्कळ कमी झाली. छातीचे एक क्ष-किरण चित्र म्हणजे निसर्गाकडून काही दिवसांत मिळणारी मात्रा. पोटाचे सीटी स्कॅन म्हणजे काही वर्षांची. अशा यंत्रावर काम करणाऱ्याच्या छातीवर जो बिल्ला असतो, तो ठराविक मुदतीने तपासून मात्रा नोंदवण्याची पद्धत आपल्याकडे १९५२ पासून आहे, आणि त्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे. रुग्णाला मर्यादाही नाही आणि बिल्लाही नाही. अंबाजोगाई, लातूर आणि सोलापूर अशा तीन गावी तीन वेळा स्कॅन झालेल्या माणसाची एकत्रित मात्रा कोणत्याही एका दप्तरात सापडत नाही. तिचा पुरावा म्हणून असतात ती त्याच्या घरी पिशवीत ठेवलेली फिल्मची पाकिटे, आणि त्यांच्यावर तारीख असली तरी मात्रेचा आकडा सहसा नसतो.